सिनिस्टर : आरोपपत्राविना आरोप



या सभागृहातल्या बऱ्याच जणांना चष्मा आहे. त्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी घरी कपाटात कुठेतरी असेल. नेत्रतज्ज्ञाने ती जुन्या वळणाने लिहिली असेल तर तिच्यावर दोन ओळी सापडतील : ओ. डी. आणि ओ. एस. पहिलीचा अर्थ ऑक्युलस डेक्स्टर, म्हणजे उजवा डोळा. दुसरीचा ऑक्युलस सिनिस्टर, म्हणजे डावा. पियानोच्या इटालियन स्वरलिपीत डाव्या हाताने वाजवायच्या जागी ‘एम. एस.’ लिहितात, तो मानो सिनिस्त्रा, म्हणजे डावा हात. लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणजे डावा, इटालियनमध्ये आजही तेच.

आणि हाच शब्द इंग्रजी वर्तमानपत्रात आला की वाचणारा दचकतो. सिनिस्टर हसू. सिनिस्टर शांतता. सिनिस्टर हेतू. बिचाऱ्या एका दिशेवर एवढं काळं कुणी फासलं? आणि ते फासल्यानंतर इंग्रजीने त्या शब्दाकडून कोणतं काम करून घेतलं? आज बोलायचं आहे ते या दोन गोष्टींवर. मराठीचा विषय ओघाने येईलच, कारण डाव्या-उजव्याच्या भानगडीत मराठी माणूस काही कमी मुरलेला नाही.

सुरुवात रोमपासून. तिथली गोष्ट मात्र अपेक्षेच्या उलट आहे. प्राचीन रोममध्ये डावी बाजू शुभ होती!

युद्धाला निघायचं असो, सभा भरवायची असो की अधिकाऱ्याची नेमणूक असो, रोममध्ये आधी देवांची संमती घ्यावी लागे. हे काम ‘ऑगर’ नावाच्या शकुनज्ञांचं. ऑगर हातात टोकाला वळलेली काठी घेई, तिने आकाशाचे भाग पाडी आणि मग पक्षी कुठून येतात, वीज कुठे चमकते ते पाही. व्हॅरो या रोमन पंडिताने या आखणीची माहिती देऊन ठेवली आहे : समोर दक्षिण, पाठीमागे उत्तर, डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य उगवतो तो डाव्या हाताला. मग डावीकडून आलेला गडगडाट शुभ ठरला तर नवल काय?

ग्रीक शकुन पाहणारा उत्तरेकडे तोंड करी. त्याची पूर्व उजव्या हाताला आली, आणि मावळतीचा अंधार डाव्या हाताला. त्याच्या लेखी उजवा पक्षी चांगला, डावा वाईट. म्हणजे बघा, गरुड तोच, आकाश तेच, सूर्यही तोच. एकाने पाठ फिरवली एवढ्यावर शुभाचं अशुभ झालं.

ही विसंगती रोमन लोकांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. रोमन वक्ता सिसेरो स्वतः ऑगर होता. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये त्याची ऑगरांच्या मंडळावर निवड झाली. पुढे इसवी सनापूर्वी ४४ मध्ये त्याने भविष्यकथनावर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या दुसऱ्या भागात शकुनशास्त्राची यथेच्छ हजेरी घेतली. आम्हाला डावं बरं वाटतं आणि ग्रीकांना उजवं, हा मुद्दा त्यात आहेच. ज्या मंडळात बसायचं त्याच्याच पायाखालची सतरंजी ओढायची, हे सिसेरोलाच जमावं. (आपल्याकडच्या समित्यांवर असे सदस्य फार दिवस टिकत नाहीत.) त्याच्या कितीतरी आधी ग्रीकांच्या महाकाव्यात ट्रॉयचा सेनानी हेक्टर याने हेच ऐकवलं होतं. इलियडच्या बाराव्या सर्गात एक गरुड पंजात लालभडक साप धरून ट्रॉयच्या सैन्याच्या डावीकडून जातो आणि साप मध्येच टाकून देतो. हेक्टरचा सहकारी पॉलिडामस म्हणतो, अपशकुन आहे, परत फिरू. हेक्टरचं उत्तर असं, की पक्षी उजवीकडे उडोत की डावीकडे, त्याची फिकीर कोण करतो. आपल्या देशासाठी लढणं हाच शकुन.

मग रोमची शुभ डावी बाजू बिघडली कशी? शिकलेल्या रोमन माणसावर ग्रीक वाङ्मयाची मोहिनी पडली, आणि रोमन कवींनी ग्रीकांचे संकेतही उचलले. काही काळ दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदले. एकाच भाषेत ‘सिनिस्टर’ पक्षी कधी शुभ, कधी अशुभ. हळूहळू ग्रीक अर्थ जिंकला.

की भीती आधीपासूनच होती आणि ती झाकलेली होती? काही भाषाशास्त्रज्ञ सिनिस्टरचं नातं संस्कृतातल्या ‘सनीयस्’ या शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ अधिक लाभदायक. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. पण ती खरी असेल तर डाव्या बाजूला मुद्दाम गोड नाव दिलं गेलं असा तिचा अर्थ होतो. ग्रीकांनी तर हे उघडच केलं. डाव्यासाठी त्यांचा एक शब्द होता ‘एउओनिमॉस’, म्हणजे चांगल्या नावाचा. हे मराठी माणसाला समजावून सांगायला हवं का? आपण बांगड्या ‘वाढवतो’, दुकान ‘वाढवतो’, कुंकू ‘वाढतं’, घरातून बाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो आणि रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतो. ज्याची धास्ती त्याला गोड नाव. अडचण एवढीच की गोड नावालाही कालांतराने तीच धास्ती चिकटते, आणि मग नवं नाव शोधावं लागतं. स्पॅनिश लोकांवर ती पाळी आली. त्यांनी डाव्यासाठी लॅटिनचा वारसा बाजूला ठेवला आणि शेजारच्या बास्क भाषेतून ‘इस्किएर्दा’ उसना आणला. पोर्तुगीजांचा ‘इश्केर्दा’ त्याचाच भाऊ. गोव्यात चार शतकांहून अधिक काळ ज्या भाषेत कारभार चालला, त्या भाषेतला. जुना सिनिस्टर शब्द स्पॅनिशमध्ये आता अपघात, आपत्ती यांच्या खात्यावर जमा आहे. फ्रेंचमध्येही तेच. पॅरिसमध्ये घरातला नळ फुटून जमीन भिजली तर विमा कंपनीकडे ‘सिनिस्त्र’ नोंदवावा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी आकाशात दिसणारा अपशकुन आता विम्याच्या अर्जावर, पॉलिसी क्रमांकासकट!

डाव्या हाताची बदनामी एकट्या रोमने केलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. बायबलमध्ये शेवटच्या निवाड्याच्या दिवशी मेंढ्या उजवीकडे आणि शेरडं डावीकडे. बायबलच्याच जुन्या करारात, शास्त्यांच्या पुस्तकात, एहूदची कथा आहे. बन्यामीन वंशातला हा माणूस डावखुरा. (बन्यामीन या नावाचाच अर्थ उजव्या हाताचा पुत्र, हा योगायोग गमतीचा.) मवाबचा राजा एग्लोन याच्याकडे तो खंडणी घेऊन जातो. उजव्या हाताने शस्त्र उपसणारा माणूस ते डाव्या मांडीवर बांधतो. एहूदने कट्यार बांधली उजव्या मांडीवर, कपड्यांच्या आत. गुप्त निरोप आहे असं सांगून त्याने राजाला एकांतात गाठलं, डावा हात उजव्या मांडीकडे नेला आणि काम तमाम केलं. त्या हालचालीत राजाला धोका दिसला नसणार. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे इंग्रजीत सिनिस्टरचा जो अर्थ ठरला त्याचं सार हिच्यात आहे : समोर दिसतो तो हात, आणि घात करतो तो दुसराच.

मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या ढालींवर चिन्हं रंगवत. ढालीची उजवी-डावी बाजू ठरे ती ढाल धरणाऱ्याच्या अंगाने. म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे जे असतं ते ‘सिनिस्टर’. डाव्या खांद्यावरून तिरपा उतरणारा पट्टा तो ‘बेंड सिनिस्टर’, आणि त्याच दिशेचा आखूड दांडा ‘बॅटन सिनिस्टर’. अनौरस संततीच्या चिन्हांत यांचा वापर होई. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला लग्नाच्या राणीपासून एकही वारस नव्हता. लग्नाबाहेरची मुलं मात्र भरपूर होती. त्यांतल्या काहींना त्याने ड्यूक केलं. ग्राफ्टनच्या ड्यूकच्या मानचिन्हावर राजाचीच चिन्हं आहेत, आणि त्यांवरून गेलेला तो डावा दांडा. जमीन, किताब, मान सगळं दिलं, आणि ढालीवर जन्माची नोंदही करून ठेवली. पुढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांमुळे ‘बार सिनिस्टर’ हा प्रयोग लोकप्रिय झाला. तो जाणकारांना खटकतो, कारण बार आडवा असतो. आडव्या पट्ट्याला डावं-उजवं कुठून असणार? रंगमंचावरही हेच : इंग्लंडच्या पँटोमाइम नाटकांत आजही संकेत असा, की चांगली परी रंगमंचाच्या उजवीकडून प्रवेश करते आणि खलपुरुष डावीकडून. त्याने तोंड उघडण्याआधीच पोरं हुर्यो करायला मोकळी.

खेळात हे ठीक. पण शब्दाला चिकटलेला संशय माणसांनाही चिकटला. १९०३ मध्ये इटलीचा प्रसिद्ध गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने अमेरिकेतल्या एका नामांकित मासिकात लेख लिहिला आणि गुन्हेगारांत डावखुऱ्यांचं प्रमाण जास्त असतं असं मांडलं. जगातली साधारण दहा टक्के माणसं डावखुरी. लोंब्रोझोच्या काळात आणि नंतरही कितीतरी वर्षं युरोपातल्या शाळांत त्यांचे हात बदलवले जात होते. आपल्याकडे काय वेगळं होतं? डाव्या हाताने पाटी-पेन्सिल धरणाऱ्या पोराच्या बोटांवर पट्टी बसे, आणि डाव्या हाताने प्रसाद घेतला तर आजी डोळे वटारी. आज सचिन तेंडुलकर डाव्या हाताने सही करतो आणि ती सही लोक चौकट करून भिंतीवर लावतात. तरी पंगतीत डाव्या हाताने वाढणाऱ्याला अजूनही टोकलं जातंच. १९०९ मध्ये रोबेर एर्त्झ या तरुण फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने उजव्या हाताच्या वर्चस्वावर एक निबंध लिहिला. शरीरात फरक थोडा असतो, तो मोठा करण्याचं काम समाज करतो, असा त्याचा रोख होता. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. निबंध मात्र मानववंशशास्त्राचे विद्यार्थी अजून वाचतात.

आता इंग्रजीकडे.

पंधराव्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा तो विशेषतः सल्ला, खबर, मसलत अशा गोष्टींना लागे. सिनिस्टर खबर म्हणजे कुणाचं वाईट व्हावं म्हणून पेरलेली खबर. शेक्सपिअरच्या हाताशी दोन्ही अर्थ होते. त्याच्या एका नाटकात गालावरचा व्रण ‘सिनिस्टर’ आहे, म्हणजे निव्वळ डाव्या गालावरचा. दुसऱ्या नाटकात राजाचा हक्क ‘सिनिस्टर’ नाही, म्हणजे लबाडीचा नाही. पुढे डावा अर्थ ढालींपुरता आणि डॉक्टरांपुरता उरला आणि लबाडीचा अर्थ गावभर झाला.

पण भीतीचे शब्द इंग्रजीत कमी आहेत का? मग हा एवढा का टिकला? फरक असा. एखादा माणूस चाकू उगारून अंगावर येतो, तेव्हा इंग्रजी त्याला मेनसिंग म्हणेल; धमकी उघड आहे. क्षितिजावर काळेकुट्ट ढग जमतात, ते ऑमिनस. पुढे काही वाईट होणार याची ती चाहूल. आणि शाळेसमोर रोज सुटायच्या वेळी एक गाडी येऊन उभी राहते, काचा वर, इंजिन चालू, आतला माणूस उतरत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि पोरं पांगली की निघून जातो. ही गाडी सिनिस्टर. तिने काहीही केलेलं नाही. कायद्याने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. आणि तरी शिपाई तिचा नंबर लिहून घेतो. सिनिस्टर या शब्दाची सगळी ताकद या ‘काहीही केलेलं नाही’ मध्ये आहे. कृती दिसत नाही, हेतूचा वास येतो.

हेतूवर बोट ठेवणारा शब्द राजकारणाला आवडणार नाही, असं कसं होईल? २२ नोव्हेंबर १७८७ रोजी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या दहाव्या लेखात जेम्स मॅडिसनने इशारा दिला, की सिनिस्टर डावपेचांची माणसं आधी लोकांची मतं मिळवतील आणि मग लोकहिताचाच घात करतील. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅमने तर ‘सिनिस्टर हितसंबंध’ ही परिभाषाच घडवली. राज्यकर्त्यांचं, वकिलांचं, सरदारांचं जे हित सार्वजनिक हिताच्या आड येतं, ते सिनिस्टर. बेंथॅमचं म्हणणं असं नव्हतं की ही माणसं राक्षस आहेत. त्याचं म्हणणं असं, की ती ज्या जागेवर बसली आहेत ती जागाच त्यांना लोकांच्या विरुद्ध ओढते. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ च्या प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात हीच कल्पना पुढे नेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या मिलला हितसंबंध कागदावर कसे लपतात हे ठाऊक असणारच. आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला, म्हणून हा धागा आपल्यालाही परका नाही. या शब्दाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग बेंथॅम-मिल यांनी केला असं प्रस्तुत वक्त्याचं मत आहे, कारण त्यांनी तो वापरताना कुणाचं हित आणि कशाच्या आड येतं हे सांगितलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण वॉशिंग्टनचं. १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत घरफोडी झाली. तीन दिवसांनी, २० जूनला, राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन यांचं बोलणं ध्वनिफितीवर उतरलं. ती फीत न्यायालयाने मागितली, आणि १९७३ च्या नोव्हेंबरात उघड झालं की तिच्यात साडेअठरा मिनिटं नुसती गुणगुण आहे. बोलणं पुसलेलं. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं, की टंकलेखनाचं काम चालू असताना फोन वाजला, तो घेताना चुकून ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला. त्यात पाचेक मिनिटं गेली असतील. छायाचित्रकारांसमोर त्यांनी ते करूनही दाखवलं. एक पाय पेडलवर, हात लांब मागे टेलिफोनकडे, सगळं अंग ताणलेलं. ते छायाचित्र देशभर छापलं गेलं आणि लोकांनी कपाळाला हात लावला. बरं, पाच मिनिटं धरली तरी उरलेल्या तेरा-साडेतेरा मिनिटांचं काय?

डिसेंबरमध्ये व्हाइट हाऊसचे प्रमुख अधिकारी अलेक्झांडर हेग यांना खटल्याचे न्यायाधीश सिरिका यांच्यासमोर याचं उत्तर द्यावं लागलं. हेग म्हणाले, कुणीतरी ‘सिनिस्टर शक्ती’ आली असावी अशी एक अटकळ चर्चेत निघाली होती! सिरिकांनी विचारलं, ही शक्ती कोण, हे कुणी सुचवलं का? त्यावर कुणाचं नाव आलं नाही. येणार कुठून? खोली राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यातली, यंत्र त्यांच्या सचिवाचं, फीत त्यांच्या तिजोरीतली. १९७४ च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं, की फीत किमान पाच वेळा वेगवेगळी पुसलेली आहे. एका चुकीने हे होणं नाही. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. पुसणारा हात कुणाचा, ते आजवर सिद्ध झालेलं नाही. मॅडिसन आणि बेंथॅम यांनी सत्तेवर रोखलेला शब्द सत्तेने स्वतःच्या बचावासाठी कसा फिरवला, याचा यापेक्षा चांगला नमुना नाही.

दवाखान्यात या शब्दाचा स्वभाव वेगळाच दिसतो. इंग्रजी बोलणारे डॉक्टर तपासणी अहवाल पाहून म्हणतात, ‘नथिंग सिनिस्टर’. गाठ आहे, पण कर्करोगाचा संशय घ्यावा असं काही नाही. इथे तो नकारासकट येतो आणि दिलासा देतो. मात्र त्या दिलाशात एक गोम आहे : रोगाचं नाव न घेता रोगाचं नाव घेतलं जातं. पुन्हा सापाला लांबडंच!

आता मराठी. आपल्याकडे डावं सरसकट वाईट आहे का? कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि भोवतीची माणसं श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पाकळी पडली की उजवा कौल, काम होणार. डावीकडची पडली की डावा, थांबा. लग्न, विहीर, घर, मुंबईची नोकरी, सगळं त्या पाकळीवर. मुलगी ‘उजवते’, कूस ‘उजवते’. आणि एखाद्याला बाजूला सारलं की त्याला ‘डावललं’. इथपर्यंत आपण ग्रीकांच्या पंगतीत.

पण लगेच गाडी उलटी फिरते. शाकुंतलात आश्रमात शिरताना दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो, तो शुभ; आणि पाचव्या अंकात शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, तो अशुभ, कारण स्त्रीचं शुभ डावं. रखुमाईची जागा विठ्ठलाच्या डाव्या अंगाला. संस्कृत ‘वाम’ म्हणजे डावा, वाकडा, प्रतिकूल; आणि सुंदरही. गणपतीचं तर विचारूच नका. डाव्या सोंडेचा गणपती घरोघरी, मायाळू. उजव्या सोंडेचा म्हटलं की सोवळं-ओवळं कडक, चूक खपत नाही. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. म्हणजे जरब इथे उजवीकडे आहे. आपल्या भीतीने एकच बाजू धरली नाही, म्हणून आपल्याकडे ‘डावा’ या शब्दाचा सिनिस्टर झाला नाही.

मग सिनिस्टरला मराठीत काय म्हणायचं? कोशांत अशुभ, अनिष्ट, कुटिल, कपटी असे पर्याय मिळतात. अशुभाला हेतू नसतो आणि कपटाला वातावरण नसतं, म्हणून दोन्ही अपुरे पडतात. बोलीकडे मात्र माल आहे. ‘यात काहीतरी काळंबेरं आहे.’ ‘कुठेतरी पाणी मुरतंय.’ ‘मनात शंकेची पाल चुकचुकली.’ या तिन्हींत इंग्रजी शब्दात नसलेली एक सभ्यता आहे : संशय घेणारा माणूस वाक्यातच हजर असतो. पाल चुकचुकते ती कुणाच्या तरी मनात. समोरच्याच्या कपाळावर ती चिकटवली जात नाही. इंग्रजी विशेषण ती सरळ चिकटवून मोकळं होतं.

म्हणून सभागृहात जे अनुवादक, उपसंपादक, पत्रकार बसले असतील त्यांना एक विनंती. इंग्रजी बातमीत सिनिस्टर आला की ‘भयानक’ किंवा ‘षड्‌यंत्र’ लिहून मोकळे होऊ नका. पोलिसांच्या निवेदनात तो असेल तर ‘पोलिसांना घातपाताचा संशय’ असं लिहा आणि संशयाचं कारण पुढच्याच वाक्यात द्या. डॉक्टरांच्या तोंडी असेल तर ‘कर्करोगाचं लक्षण नाही’ असं स्वच्छ सांगा. कादंबरीत असेल तर पाल चुकचुकू द्या. आणि पुढाऱ्याच्या भाषणात असेल, तर तो अवतरणचिन्हांत, त्याच्या नावावर ठेवा, आणि न्यायाधीश सिरिकांनी विचारलं तेच त्यालाही विचारा : ही शक्ती कोण? उत्तर आलं नाही, तर उत्तर आलं नाही असं छापा.